जनरल झिमारिन चव घेतात

खणात एक कागद. सही केलेली आहे, तारीख टाकायची आहे.

उणे एकतीस.

भोईगल्लीतलं सात महिन्यांचं बाळ. एका महिन्यात तिसऱ्यांदा सलाइन.

दांड्यावर नंबर कोरलेला अॅल्युमिनियमचा चमचा.

"तीनच्या आत, मॅडम. तीनवर एक मिनिट झालं तरी तहसीलदार साहेब अर्ज मागं घेऊ देत नाहीत."

नऊशे माणसं एकाच वेळी जेवतात तो आवाज.

हे सगळं एकदमच डोक्यात आहे आणि मी माझ्याच दवाखान्यात, माझ्याच खुर्चीत डोळे मिटून बसले आहे. दुपारचे पावणेदोन. बाहेरची बाकडी रिकामी. झोपायचं नाही, कारण ठरवायचं आहे. नगराध्यक्षपदाची निवडणूक लढवायची, की खणातला माघारीचा कागद तहसील कचेरीत नेऊन द्यायचा आणि परत नुसती डॉक्टर व्हायचं? अर्ज भरला तो रागाने. नगरपालिकेच्या टाकीचं घाण पाणी पिऊन तीच मुलं माझ्याकडे येतात, मी सलाइन लावते, ती घरी जातात आणि तेच पाणी पितात. पण प्रचाराला लागून दहा दिवस झाले आणि काहीतरी बिनसलं आहे. मी बोलते ते सगळ्यांना पटतं. मी ज्या गल्लीत जाते तिथे पाणी स्वच्छ असतं.

पापण्या जड होतात. दारात कोणीतरी उभं राहतं आणि खोलीतला उजेड निम्मा होतो.

एवढा मोठा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला आहे.

"रोदिओन सावेल्येविच," मी म्हणते, "तुम्ही तर वारलात."

"बावीस वर्षं झाली. बसायला दे. ही नको, ही मोडेल."

जनरल रोदिओन सावेल्येविच झिमारिन. मी रशियात डॉक्टरकी शिकत होते, त्या प्रांताचे ते गव्हर्नर होते. आधी सैन्यात तीस वर्षं, मग राजकारण. पहिली निवडणूक प्रचंड मतांनी जिंकले, दुसरी हरले, आणि त्याच हिवाळ्यात अन्ननलिकेचा कॅन्सर घेऊन आमच्या सरकारी दवाखान्यात आले. मॉस्कोला जायला तयार नव्हते. मी तिसऱ्या वर्षाला होते आणि संध्याकाळी त्यांच्या वॉर्डात मदतनीस म्हणून काम करायचे. माझं नाव हेमांगी, पण रशियन जिभेला 'ह' जमत नाही, म्हणून त्यांच्यासाठी मी गेमा.

ते तपासणीच्या टेबलावर बसतात. ओव्हरकोटावर बर्फ आहे. परभणीकडच्या उन्हाळ्यातही तो वितळत नाही.

"निवडणूक लढवतेस म्हणे, गेमा."

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

"आमच्याकडे बातम्या उशिरा येतात. पण येतात. चल, जेवणाची वेळ झाली."

ते पडदा बाजूला करतात. पडद्यामागे माझी ड्रेसिंगची खोली असते. आत्ता तिथे बर्फाचं मैदान आहे आणि मैदानभर रांग. करड्या कोटांतले सैनिक, एकामागे एक, पार क्षितिजापर्यंत. रांगेच्या तोंडाशी वाफाळती पातेली. कोणी बोलत नाही. एवढी माणसं एवढी गप्प मी कधी पाहिलेली नाहीत. माझे हात आपोआप जोडले जातात.

जनरल खांद्यावरच्या पट्ट्या काढून खिशात टाकतात आणि सगळ्यात मागे जाऊन उभे राहतात. मी त्यांच्यामागे.

"आमच्या सैन्यात अधिकाऱ्याने चव घेतल्याशिवाय जेवण वाटत नाहीत," ते म्हणतात. "वहीत त्याची सही लागते. बाकीचे अधिकारी पहिल्या पातेल्यातलं वरचं खायचे. आचारी ते त्यांच्यासाठीच राखायचा. मी लेफ्टनंट असल्यापासून शेवटच्या पातेल्यातलं तळाचं खाल्लं. जनरल झाल्यावरसुद्धा."

"तुम्हाला कोणी ओळखायचं नाही?"

"मागचा माणूस ओळखायला मान वळवावी लागते. भुकेला माणूस पातेल्यावरची नजर काढत नाही."

रांग सरकत नाही, तरी आम्ही पुढे आलो आहोत. जनरल शेवटच्या पातेल्यात चमचा घालतात, तळ खरवडतात, तोंडात घालतात. नऊशे माणसं त्यांचा जबडा हलताना बघतात. आचाऱ्याच्या गळ्याची घाटी वर जाते आणि वरच राहते. मग जनरल वही घेतात, सही करतात आणि मैदानभर चमच्यांचा आवाज उठतो. पत्र्यावर गारा पडाव्यात तसा.

"हे राज्य," जनरल म्हणतात. "एवढंच."

रांग तीच आहे, पण डोक्यावर छत आहे. शाळेचं सभागृह. भिंतीवर झेंडे. जनरल सुटाबुटात आहेत आणि सूट त्यांना आवळतो आहे. रांगेत बायका आहेत, म्हातारे आहेत, वेण्यांना रिबिनी बांधलेल्या मुली आहेत. जनरल सवयीने मागे जातात. शेवटची बाई हसून बाजूला होते आणि त्यांच्या मागे उभी राहते. मग तिच्या पुढची. मग तिच्या पुढचा. ते जिकडे जातात तिकडे रांग विरघळते. जनरल कितीही मागे चालले तरी पहिलेच असतात. ते पळू लागतात. एवढा मोठा माणूस पळतो आहे आणि सगळे टाळ्या वाजवत आहेत.

रिबिनवाली मुलगी बशी पुढे करते. लापशी. वर चेरीचा मुरंबा.

"चार वर्षं," जनरल धापा टाकत म्हणतात. "दोनशे शाळा, चाळीस दवाखाने. सगळीकडे मुरंबा."

"तुम्हाला कळलं नाही?"

"मला वाटलं, माझं काम चांगलं चाललंय." ते बशी हातात घेऊन उभेच आहेत. "मग एका जानेवारीत एका गावात घरं तापवणारी वाहिनी फुटली. उणे एकतीस. अनाथाश्रमातली मुलं अकरा दिवस कोट घालून झोपली. मला सांगायला अकरा दिवस कोणी धजलं नाही. बाराव्या दिवशी मी पोचलो. मुरंबा होता."

बशी माझ्या हातात आहे, पण ती बशी नाही, वॉर्डातलं भांडं आहे. हिरव्या भिंती. जनरल पलंगावर, नाकात नळी. त्यांना तोंडाने काही देता येत नव्हतं. तरी रोज संध्याकाळी ते मला वॉर्डाच्या पातेल्याकडे पाठवायचे. तू चव घे आणि मला सांग. बाकीचे रोगी काय खातात ते मला कळलं पाहिजे.

एका संध्याकाळी लापशी जळलेली होती. मुख्य नर्स माझ्याकडे बघत होती. मी एकवीस वर्षांची, परदेशी, आणि ते जनरल. मी म्हणाले होते, "छान आहे, रोदिओन सावेल्येविच." त्यांनी माझ्याकडे खूप वेळ बघितलं होतं आणि भिंतीकडे तोंड केलं होतं. त्यानंतर त्यांनी मला पातेल्याकडे पाठवलं नाही.

आत्ता ते तोंड इकडे करतात.

"चव घे. सांग."

दांड्यावर नंबर कोरलेला चमचा माझ्या हातात आहे. पलंगामागे नऊशे सैनिक उभे आहेत, त्यांच्यामागे भोईगल्लीतल्या बायका, कडेवर मुलं, हातात रिकामे हंडे. सगळे माझ्या तोंडाकडे बघत आहेत. मी फुंकर न घालताच चमचा तोंडात घालते.

"जळकी आहे. तळाला लागलीय. मीठ नाही. आणि दूध म्हणून घातलंय ते पाणी आहे."

जनरल हसतात. आधी नुसती छाती हलते, मग पलंग, मग खिडक्यांच्या काचा.

"बावीस वर्षं! बावीस वर्षं थांबवलंस, पोरी!"

"मला भीती वाटली होती."

"नर्सची?"

"तुमची."

त्यांचं हसू थांबतं. ते मान हलवतात.

"नऊशे माणसं सांभाळली मी. आणि गव्हर्नर झाल्यावर तोंडावर खरं बोलणारं एक माणूस जवळ ठेवता आलं नाही. एक!"

"मग मी काय करू? उभी राहू की नको?"

"हे मला विचारतेस? मी हरलेला माणूस." ते खिशातल्या पट्ट्या काढतात, रोग्याच्या सदऱ्यावर कुठे लावायच्या ते शोधतात आणि माझ्या मांडीवर ठेवून देतात. मग उठून उभे राहतात. त्यांच्याबरोबर सगळा वॉर्ड, सगळं मैदान सरळ उभं राहतं. जमीन हलते, आणि

"मॅडम. अहो मॅडम, सव्वादोन झाले."

कच्छवे. पक्षाचे तालुकाध्यक्ष, मोबाइल कानालाच. त्यांच्यामागे सिस्टर इंदुमती, चौदा वर्षं माझ्या दवाखान्यात आहेत. टेबलावर चहा आहे, त्यावर साय धरली आहे.

"मग? लढायचं ना?" कच्छवे विचारतात.

"भोईगल्लीतलं माझं कालचं भाषण कसं झालं?"

"एक नंबर! लोकं आजूक तेच बोलायलेत."

"सिस्टर, तुम्ही मागे उभ्या होतात. तुम्ही सांगा."

इंदुमती कच्छव्यांकडे बघतात. मग माझ्याकडे.

"खरं सांगू?"

"खरंच सांगा."

"लई लांबलं. तुम्ही पाइपलाइनचं सुरू केलं अन् मागच्या बाया उठून गेल्या. अन् बाई, ते पाण्याचं टँकर तुम्ही यायच्या आधी पंधरा मिनटं आलतं. तुम्ही गेल्या की तेबी गेलं."

"अहो सिस्टर, सभेची व्यवस्था करावी लागती," कच्छवे म्हणतात.

"मी काय म्हणले का नाही करावी? बाईंनी इचारलं, मी सांगितलं."

मी उठते.

"कच्छवे, आज संध्याकाळी परत भोईगल्ली. टँकर नको, मांडव नको. सिस्टर माझ्याबरोबर येतील. मी दहा मिनिटं बोलेन, मग त्या बोलतील."

"त्या काय बोलतील?"

"मला काय माहीत? मलाही तिथेच कळेल."

"मी नाय बाई माईकवर," इंदुमती म्हणतात, पण पदर खोचून.

कच्छवे फोनवर कोणाला तरी सांगत बाहेर जातात, लढायलेत, हो, लढायलेत. मी चहा तोंडाला लावते. गार पाणी झाला आहे. तरी जिभेचं टोक चरचरतं. मी टॉर्च आणि आरसा घेऊन बघते. टोकावर डाळीएवढा पांढरा फोड आहे, ताजा, गरम काही खाल्ल्यावर येतो तसा.

जनरल झिमारिन वारले त्या दिवशी वॉर्डात उकडलेले बटाटे होते. कसे झालेत ते त्यांनी मला विचारलं नव्हतं.