लोहगडावर मी त्यांचं नाव घेतलं

मैत्रिणींनो, आज आम्ही दोघं मळवलीला गाडीतून उतरून लोहगड पाहायला गेलो. लग्नाला चार वर्षं झाली, पण दोघांनीच फिरायची ही पहिलीच वेळ.

गडावर एकदम दाट धुकं उतरलं. कड्याकडे गेलेले हे दिसेनासे झाले. मी ‘अहो, अहो’ करत राहिले, उत्तर नाही. शेवटी बेंबीच्या देठापासून ओरडले, “दत्तात्रय!” उखाण्याबाहेर हे नाव मी कधी घेतलं नव्हतं.

“तिथंच थांब, आलो!” धुक्यातून आवाज आला.

जवळच गवत कापणारी मावशी म्हणाली, “अहो तर समदेच असत्यात, बाय. नाव घेतलं म्हून घावला.”

उतरताना हे हळूच म्हणाले, “पुन्हा एकदा म्हण ना.” मी म्हटलं.

घरी आल्यावर मात्र सासूबाईंसमोर तोंडून ‘अहो’च निघालं. तुम्ही काय केलं असतं?