सॅमन सोडताना

अमेरिकेत लेकीकडे गेलो होतो. एका सकाळी तिने मला नदीवर मासेमारीला नेलं. नाव प्रवाहाबरोबर वाहत होती आणि सत्तरीची नावाडीणबाई वल्ही उलटी मारून तिचा वेग तेवढा आवरत होत्या. माझ्या गळाला मोठा सॅमन लागला. तिथल्या नियमाप्रमाणे तो सोडायचा होता. बाईंनी त्याचं तोंड प्रवाहासमोर करून तो पाण्यातच माझ्या हातात दिला. दमलेल्या माशाचे फक्त कल्ले हलत होते.

“सोडू?” मी विचारलं.

“नुसता धरा. अंगात दम आला की आपणच जाईल,” बाई म्हणाल्या.

बऱ्याच वेळाने शेपटीचा एक फटका बसला आणि हात रिकामे झाले. लेकीला ‘आता भारतात परत चल’ म्हणायचं, असं ठरवून मी आलो होतो.

“बाबा, काय झालं?” माझे हात अजून पाण्यातच पाहून तिने विचारलं.

“काही नाही. पाणी फार गार आहे गं,” मी म्हणालो.