आलवणावर टाचलेलं पदक

माझ्या घरी पदकं आहेत, शालजोड्या आहेत, चांदीचं तबक आहे. पाहुणे हात लावून बघतात, "वा, वा" करतात, आणि माझ्या डोक्यात तिडीक जाते. कारण पहिलं पदक कसं मिळालं, ते मला ठाऊक आहे.

तेव्हा आम्ही गिरगावात राहायचो. एका संगीत मंडळीसाठी मी नाटकं लिहायचो, तालमीही मीच घ्यायचो. माझी थोरली बहीण बालविधवा. केस काढलेले, अंगावर तांबडं आलवण, आणि राहायला मागची अंधारी खोली. एकदा एक भला गृहस्थ तिच्याशी पुनर्विवाह करायची तयारी दाखवून दारात आला. अण्णांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, त्याला उंबऱ्यावरूनच वाटेला लावलं. ती आतून सगळं ऐकत होती. पुढं कुढून कुढून गेली बिचारी.

ती गेल्यावर मी जे नाटक लिहिलं, ते एका भाषणासाठी. विधवा मुलगी मरताना बापाला जाब विचारते, बस्स. ते भाषण अण्णांच्या कानावर पडावं, याखेरीज मला काही नको होतं. घरात तोंडावर बोलायची छाती नव्हती.

मंडळीचे मालक म्हणाले, "मास्तर, भाषणाआधी एक पद पाहिजेच. लोक काय तुमचं रडगाणं ऐकायला येतात?" मी कडाकडा भांडलो. पण कंपनी त्यांची! पद घालावं लागलं.

रविवारच्या दुपारच्या खेळाला महत्प्रयासानं अण्णांना आणलं, पहिल्या रांगेत बसवलं. शेवटचा प्रवेश लागला. नायिकेचं काम करणारा आमचा नट आलवण नेसून मरणाच्या अंथरुणावर पडला आणि पद गायला लागला. गळा गोड होता मेल्याचा. पद संपलं आणि थिएटरभर ओरडा झाला, "वन्समोअर!" झालं! मरायला टेकलेली बाई उठून बसली, खाकरली, पेटीवाल्याकडे बघून मान हलवली आणि पुन्हा गायली. पुन्हा ओरडा. पुन्हा गाणं. मी विंगेतून हात जोडतोय, "अरे, मर आता! भाषण कर!" पण तो कसला ऐकतोय? तेवढ्यात एक शेठजी चालू खेळात रंगमंचावर चढले आणि त्यांनी सोन्याचं पदक त्या आलवणावर टाचलं. माझ्या बहिणीच्या आलवणावर! दुसरं मला द्यायला हाका मारू लागले. मालकांनी मला विंगेतून ढकलतच रंगमंचावर काढलं.

आणि मी समोर बघतो तो काय, अण्णा उभे राहून, हात वर करून ओरडतायत, "वन्समोअर!"

मालकांनी त्यावरच पडदा पाडला. "भाषण राहिलं की!" मी किंचाळलो. "खेळ रंगलाय मास्तर, कशाला त्याचा विचका करता?" मालक म्हणाले. त्या क्षणी त्यांचा गळा धरावासा वाटला.

घरी चालत निघालो. उन्हं उतरली होती. अण्णा खुशीत होते. "रडवलंस रे! काय गायला पोरगा!"

मग मात्र माझा तोल सुटला. भर रस्त्यात अण्णांना थांबवलं आणि ते भाषण मीच म्हटलं. "बाबा, माझं लग्न लावताना मला विचारलं नाहीत. केस काढताना विचारलं नाहीत. तो माणूस दारात आला, तेव्हा तरी एकदा आत येऊन विचारायचं होतंत."

येणारेजाणारे बघत होते. अण्णांचा चेहरा उतरला. ओरडतील म्हणून मी कंबर कसून उभा होतो. त्यांनी उपरण्यानं तोंड पुसलं.

"विचारलं असतं तर ती हो म्हणाली असती," ते म्हणाले. "म्हणून तर विचारलं नाही."