वाघरीच्या दारात

ज्या शहराला बर्फ ठाऊक तो रसवंतीतला, लाकडाच्या भुशात गुंडाळून सायकलवर येणारा, त्या संभाजीनगरात बर्फावरची हॉकी खेळणारा कॉलेजच्या पोरांचा संघ आहे म्हटलं, तर गुलमंडीतला दुकानदार कापड फाडता फाडता थांबतो आणि सांगणाऱ्याच्या तोंडाकडे बघत राहतो. पण संघ होता, आणि या हिवाळ्यात तो अंतिम सामन्यापर्यंत पोचला होता. त्या संघाचा गोलकीपर होता अंगद, हर्सूलच्या पलीकडच्या एका वस्तीवरचा, सांडू धनगराचा धाकटा.

सरावाला बर्फ नव्हताच. पोरं चाकांचे बूट घालून सिमेंटच्या रिंकवर चेंडू मारायची. क्रीडाशिक्षक काकासाहेब स्वतः आयुष्यात कधी चाकांवर उभे राहिले नव्हते, पण शिट्टी त्यांची अशी की तीन गल्ल्यांतली कुत्री गप्प बसत. दोन वर्षांपूर्वी त्यांचा गोलकीपर खांदा मोडून घरी बसला, तेव्हा त्यांनी नव्या पोरांना विचारलं होतं की अंगावर मार घ्यायला कोण भीत नाही. अंगदनं हात वर केला. त्याला चाकांवर धड उभंही राहता येत नव्हतं. पहिला महिना तो गोलाचा खांब धरूनच होता. पण खांब धरून का होईना, चेंडू काही आत जाऊ देईना.

यात नवल काही नव्हतं. वाघर म्हणजे मेंढरं कोंडायची जाळी. दिवसभर कोकरं त्या जाळीत असतात. सांजच्याला कळप चरून आला की मेंढ्या बाहेर ओरडतात, लेकरं आत ओरडतात, आणि सगळ्यांना एकाच वेळी एकाच दारातून जायचं असतं. त्या दारात एक माणूस लागतो. काठी आडवी, गुडघे जुळलेले. मेंढी आत सोडायची, कोकरू बाहेर सोडायचं नाही. अंगद शाळेत जायच्या आधीपासून त्या दारात उभा राहत आला होता. सांडूनं त्याला एकच कायदा शिकवला होता, की काय वाटेल ते झालं तरी दार सोडायचं नाही. एखादं कोकरू निसटलं तर निसटू दे. त्याच्यामागं धावलास की बाकीचा कळप लोकाच्या ज्वारीत.

सिमेंटवर हा कायदा चालून गेला. अंगद गोलाच्या रेषेला चिकटून उभा राही आणि चेंडू गुडघ्यानं, छातीनं, कधी कधी हनुवटीनंही अडवी. काकासाहेब ओरडून दमले की अरे, समोरून एकटा माणूस आला तर पुढं ये. त्यांनी आपला पंजा अंगदच्या डोळ्यांपुढं धरला, म्हणाले, हात जवळ आणला तर अख्खा सूर्य झाकतो, लांब धरला तर काहीच झाकत नाही. तू मारणाऱ्याच्या जवळ जा म्हणजे त्याला गोल दिसणारच नाही. अंगद मान हलवी आणि परत रेषेवर जाऊन उभा राही. सामने जिंकत होते, त्यामुळं काकासाहेबांचं तोंड आपोआप बंद होई.

मग मोसमाचा शेवटचा टप्पा बर्फावर आला. बीड बायपासला बर्फाचा एक हॉल नवा उघडला होता. उघडला होता खरं तर लहान मुलांच्या वाढदिवसांसाठी. ज्या दिवशी कुणी जन्मलेलं नसे त्या दिवशी संघाला सराव मिळे. बर्फावर चेंडू नसतो, रबराची चकती असते, आणि ती जिवावर उठल्यासारखी येते. पहिल्याच सामन्यात अंगद दारात उभा राहिला आणि चकत्या त्याच्या कानाजवळून, काखेतून, पायांमधून आत जात राहिल्या. सामना कसाबसा जिंकला तो पुढच्या पोरांनी. काकासाहेबांनी त्याला बाजूला घेऊन थंडपणे सांगितलं की अंतिम सामन्यात रेषेला चिकटलास तर मी प्रणयला आत घालीन. प्रणय दुसरा गोलकीपर, उस्मानपुऱ्याचा, चांगल्या मनाचा मुलगा. त्यानंच मग अंगदला पुढं यायला शिकवलं. पाय शिकले. मनाचं कुणालाच माहीत नव्हतं.

आणि अंगदला बाहेर बसून चालणारच नव्हतं. त्याचा थोरला भाऊ मुंजाबा वाळूजला कंपनीत लागला होता, मेंढरांमागं आता त्याचा आबा सांडू आणि आई वच्छलाबाई अशी दोघंच. दरसाल दिवाळी झाली की त्यांचा कळप गंगथडीला, गोदावरीच्या काठानं चरायला निघतो. यंदा सांडूनं तो पैठणच्या अलीकडंच रेंगाळत ठेवला होता, कारण अंगदनं त्याला शब्द दिला होता. संक्रांतीपर्यंत खेळतो, राज्याच्या संघात घेतलं तर पुढं खेळीन, नाही घेतलं तर कॉलेज सोडून काठी धरतो. अंतिम सामन्याला निवड करणारी माणसं येणार होती आणि दोन संघांतून एकच गोलकीपर घेणार होती. एकाच दुपारी सगळं ठरायचं होतं.

त्या दुपारी सांडू न सांगता आला. मेंढरं वच्छलाबाईवर सोडून, दोन एसट्या बदलून, खांद्यावर घोंगडं आणि हातात काठी. दरवाज्यावरच्या पोरानं काठी बाहेर ठेवायला सांगितलं, ती त्यानं ठेवली नाही. हॉलमध्ये शर्टावर आलेली सगळी शिकलेली मंडळी काखेत हात घालून कुडकुडत होती, आणि सबंध हॉलमध्ये ऊब होती ती एकट्या सांडूला. शेजारच्या प्राध्यापकानं हळूच घोंगड्याचं टोक ओढून घेतलं, ते त्यानं घेऊ दिलं.

अंगदनं जाळीच्या मुखवट्यातून आबाला पाहिलं. आजवर आबानं त्याचा खेळ कधी पाहिला नव्हता.

पुण्याचा संघ तगडा होता. त्यांचा अतुल नावाचा उंच पोरगा चकती घेऊन निघाला की आपले खेळाडू नुसते त्याची पाठ बघत. दोन गोल त्यांनी केले, दोन आपण केले. अंगद मात्र पुढं येत होता. दर वेळी रेषा सोडताना त्याच्या पाठीला मागची मोकळी जाळी जाणवे, उघड्या दारासारखी, आणि दर वेळी तो दात दाबून पुढं जाई. दोनदा त्यानं अतुलची चकती छातीवर घेतली. निवड करणाऱ्यांपैकी एकानं दुसऱ्याच्या कानात काही सांगितलं, तेव्हा प्रणयनं बाकावरून अंगदला अंगठा दाखवला. काकासाहेबांच्या तोंडात शिट्टी होती, पण वाजवायचं त्यांना भान नव्हतं.

बरोबरी तशीच राहिली आणि शेवटचं मिनिट लागलं. आपल्या पोराच्या काठीवरून चकती निसटली, अतुलनं ती उचलली आणि समोर कुणी नव्हतं. एकटा अतुल आणि एकटा अंगद. काकासाहेब ओरडायच्या आधीच अंगद निघाला. रेषा सोडली, गोल सोडला, तो सरळ अतुलच्या अंगावर चालून गेला. अतुलचे डोळे गोल शोधू लागले आणि त्याला तो दिसेना. वेळ बरोबर साधली होती.

"दार सोडू नगं!"

डोंगराच्या या अंगाहून त्या अंगाला कळप वळवणारा आवाज तो, पत्र्याच्या हॉलमध्ये काय मावणार. सांडू उभा राहिला होता, घोंगडं खाली पडलं होतं. पोरगं दार उघडं टाकून धावत सुटलंय एवढंच त्याला दिसलं, आणि जे आयुष्यभर ओरडत आला तेच तो ओरडला.

अंगद थांबला. पुरता थांबलाही नाही. एक पाय पुढं, एक पाय मागं, मान वळलेली. अतुलला तेवढं पुरलं. चकती अंगदच्या बगलेतून गेली आणि मागच्या मोकळ्या गोलात अगदी सावकाश शिरली.

सामना गेला. पुण्याची पोरं एकमेकांवर पडली. अंगद बर्फावर गुडघे टेकून बसला आणि उठेना. निवड करणाऱ्यांनी पुण्याच्या गोलकीपरला बोलावून त्याच्याशी हात मिळवला, ते त्यानं तिथूनच पाहिलं.

काकासाहेब बर्फावर घसरत धडपडत त्याच्यापाशी आले. एवढा जवळ आलेला चषक गेल्याचा राग त्यांच्या तोंडावर मावत नव्हता. त्यांनी विचारलं, अर्ध्यात का थांबलास. अंगदनं मुखवटा काढला.

"पाय अडकला, सर," तो म्हणाला.

फळीच्या पलीकडं सांडू येऊन उभा होता. त्यानं ऐकलं. अंगदनं त्याच्याकडं पाहिलं नाही.

"पाय नाय अडकला, सायेब," सांडू म्हणाला. "म्या आवाज दिला. लहानपणापासून माझ्या आवाजाला थांबतंय ते. त्याचा कसूर नाय."

काकासाहेब शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळत राहिले, मग अंगदच्या पाठीवर हात ठेवून निघून गेले.

बाहेर बायपासला ऊन होतं. घामानं भिजलेल्या पोराच्या अंगावर सांडूनं घोंगडं टाकलं आणि दोघं एसटीची वाट बघत उभे राहिले. अंगदनं हात पुढं करून आबाच्या हातातली काठी धरली.

"उद्याच निघू," तो म्हणाला. "शब्द दिला व्हता म्या."

सांडूनं काठी सोडली नाही.

"सरासमोर खोटं बोललास तू," तो म्हणाला. "खोटं बोलणाऱ्याचा शब्द कोण धरतंय. काठी सोड."

अंगदनं काठी सोडली.

"मेंढरामागं म्या हाव, तुझी माय हाय. पुढल्या साली खेळ." सांडूनं रस्त्याकडं पाहिलं. एसटीचा अजून पत्ता नव्हता. "म्या येईन. पर आत नाय बसायचा. हितंच उभा ऱ्हाईन, पत्र्याच्या बाहीर. काय झालं ते तू येऊन सांग."