कडेगावच्या विहिरीवरचा रिकामा खिळा

पाटणहून एसटी सुटली तेव्हा आईच्या मांडीवर दह्याचा डबा होता आणि डोक्यात एकच प्रश्न. मला झांबियातल्या तांब्याच्या खाणीत नोकरी मिळाली आहे. कॉलेज संपलं की जायचं. आमच्या घरातून कॉलेजला गेलेली मीच पहिली, त्यामुळे सल्ला कुणाला विचारावा हेही कळत नव्हतं. वडील फौजेत. ते फोनवर म्हणाले, "आई म्हणंल तसं." आणि आई म्हणत होती, "जमिनीखाली गेल्यालं माणूस वर आलं का न्हाई, हे बघणार कोण?"

म्हणून आम्ही मोहनकाकांकडे निघालो होतो. ते वडिलांच्या मित्राचे थोरले भाऊ, खाण अभियंते. झांबिया, चिली, ऑस्ट्रेलिया अशी नोकरी करून आता कडेगावात शेती बघतात.

कराडला गाडी बदलताना दही सांडलं, तेही शेजारच्या आजोबांच्या धोतरावर. आई ओशाळली.

"असू द्या बाई," आजोबा म्हणाले, "धोतर पांढरंच हाय."

पुढे ऊस, मग माळ, मग पुन्हा ऊस, असं करत कडेगाव आलं. काकूंनी हुलग्याचं माडगं (हुलग्याच्या पिठाची गरम, पातळ पेज) दिलं.

"चिलीत खाणीच्या वाळवंटात झाडाचं पान न्हाई," काकू हसत म्हणाल्या, "आन् ह्यांनी मला तिथं मेथी लावायला सांगितली!"

आईने मात्र सरळ विचारलं, "आवं दादा, खाली भ्या वाटत न्हाई?"

"लय वाटतं, वहिनी. वाटलंच पाहिजे. चला, दाखवतो."

त्यांच्या विहिरीतला गाळ काढायचं काम चाललं होतं. मोटारीच्या खोलीबाहेर एक फळी, तिच्यावर खिळे आणि खिळ्यांना पितळी बिल्ले. उतरताना एक बिल्ला खिशात घालायचा, वर आल्यावर परत अडकवायचा.

"देश बदलले, पण ही फळी सगळीकडं होती," काका म्हणाले. "खिळा रिकामा म्हणजे माणूस खाली. मग कुणी घरी जायचं नाही."

मी बिल्ला घेऊन पायऱ्या उतरले. खाली गारवा होता, ओल्या दगडाचा वास होता. वरून आई सारखी हाका मारत होती. मी वर येताच तिने माझा हात धरला. "चल, गाडी चुकंल!"

स्टँडवर गाडीत पाय ठेवणार, एवढ्यात काका स्कूटरवरून घाईघाईने आले. "पोरी, बिल्ला!"

तो माझ्या खिशातच होता.

"पण काका, मी तुमच्यासमोरच वर आले."

"मी बघितलं. खिळ्यानं न्हाई बघितलं."

मी बिल्ला पुढे केला. त्यांनी हात मागे घेतला. "तूच अडकव."

मी आईकडे बघितलं. ती आयुष्यात कधी गाडी चुकवत नाही.

"जाऊ दे गाडी," ती म्हणाली. "चल."

विहिरीवर गडी बसून होते. "आली बघा बाई! आता तरी आमास्नी घरी सोडा!" एकच हशा पिकला. मी लाजत बिल्ला अडकवला.

आईने काकांना हळूच विचारलं, "तिकडं बी असंच थांबत्यात?"

"थांबतात. मी थांबलोय, वहिनी."

पुढची गाडी मिळाली. घरी आल्यावर दारामागच्या खिळ्यावरची पिशवी तिने काढली. "ह्यो खिळा आता तुझा. जाताना ह्याच्यावरचं काढून न्यायचं, आल्यावर परत अडकवायचं."

मी कॉलेजच्या वसतिगृहातल्या माझ्या खोलीची किल्ली अडकवली. झांबिया किती लांब आहे, हे मला अजून नीट उमगलेलं नाही. परतायची जागा मात्र दारामागे आहे, हाताला सहज येईल एवढ्या उंचीवर.