डाव्या पायाला काम नसलेली गाडी

ड्रायव्हिंग स्कूलवाल्याने आधी माझ्याकडे बघितलं, मग माझ्या डाव्या पायाला बांधलेल्या लोखंडी कॅलिपरकडे, आणि म्हणाला, "ताई, कशाला त्रास? तुम्ही आपल्या मागे आरामात बसा ना!" मी म्हटलं, "मागे बसायचं पण शिकवता का तुम्ही?" आणि तडक बाहेर पडले. लहानपणी झालेल्या पोलिओने हा पाय बारीक करून ठेवला होता. त्याचं मला एव्हाना काही वाटेनासं झालं होतं. लोकांच्या त्या "आरामात"ने मात्र माझं डोकं फिरायचं.

क्लच दाबायला डावा पाय लागतो आणि माझ्या डाव्या पायात तेवढा जोर नव्हता. त्या ऐंशीच्या दशकात आमच्या अंधेरीत फिरणाऱ्या झाडून सगळ्या गाड्यांना क्लच होता. विषय संपला, असं आईसकट सगळे म्हणत. मला मात्र गाडी चालवायचीच होती. का, असं विचारलं की मी चिडायचे. ज्यांचे दोन्ही पाय धड असतात त्यांना हे कोणी विचारतं का?

मामाचं मरोळला गॅरेज होतं. एका रविवारी आईने दिलेला कोलंबीच्या कालवणाचा डबा घेऊन मी तिथे गेले, तर मागच्या पत्र्याखाली एक अवाढव्य अमेरिकन गाडी उभी. तीसेक वर्षं जुनी, रंग फिकट हिरवा, मागे माशाच्या परांसारखे दोन पर. मी दार उघडून सहज खाली बघितलं आणि बघतच राहिले. तिथे दोनच पेडलं होती.

"मामा, ह्याचा क्लच चोरला कोणी?"

"कोणी चोरूक नाय गो. होतोच खंय?"

गाडी ऑटोमॅटिक होती. मामाने मग गॅरेजातले दोन टेबलफॅन समोरासमोर ठेवले आणि एकच चालू केला. त्याच्या वाऱ्याने दुसऱ्याची पाती आपोआप फिरायला लागली. गाडीत वाऱ्याच्या जागी तेल असतं, म्हणाला. इंजिन एक पातं फिरवतं, तेल दुसरं फिरवतं, मध्ये क्लच दाबायची गरजच नाही. सुरुवातीला अमेरिकनांनी अर्धवट प्रयोग केले होते म्हणे. गिअर आपोआप पडायचे, पण गाडी सुरू करताना क्लच दाबावाच लागायचा. (म्हणजे मला काय उपयोग?) मग दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास त्यांना ही पूर्ण बिनक्लचची युक्ती जमली आणि त्यांनी ती चक्क रणगाड्यांतसुद्धा घातली. मी तोंडाचा आ वासून ऐकत होते. रणगाडा चालवणाऱ्या धट्ट्याकट्ट्या शिपायाला ही सोय मिळते आणि मला सांगतात मागे बस!

"मी शिकणार ह्याच्यावर," मी म्हटलं.

मामा हसला. त्याने कोपऱ्यात विटांवर ठेवलेलं डिझेल इंजिन दाखवलं. शेजारी लॉरीचा गिअरबॉक्स. त्या वेळी मुंबईत अशा गाड्यांची हीच गत व्हायची. पेट्रोल परवडायचं नाही आणि ऑटोमॅटिक कोणाला कळायचं नाही, त्यामुळे मूळचं सगळं उपसून भंगारात टाकायचं आणि आत डिझेल बसवायचं. शिवाय हिचा गिअरबॉक्स मेलाच होता. इंजिन बोंबलायचं आणि गाडी मुंगीच्या पावलाने सरकायची. पोरं गावाहून आली की काढून टाकणार, असं मामाने जाहीर केलं.

पोरं म्हणजे त्याचे फिटर. सगळे कोकणातले, सगळे गणपतीला गेलेले, आणि एकदा गेले की भातकापणी उरकल्याशिवाय परत येत नसत. मामाला भावकीतल्या कुणा म्हाताऱ्याचं सुतक आलं म्हणून त्याचा गणपती हुकला होता आणि तो एकटाच गॅरेजात चरफडत बसला होता. मी त्याच्या मागे भुणभुण लावली. शेवटी वैतागून तो म्हणाला, "बरां बाय! पोरां येयसर गाडी तुझी. तोपर्यंत लायसन काढलंस तर ह्यो डबो ऱ्हवात. नाय तर भंगारात!"

त्याला वाटलं, मी गप्प बसेन. पण शिकाऊ लायसन मी केव्हाच गुपचूप काढून पर्समध्ये ठेवलं होतं.

दुसऱ्या रविवारी मामा गाडीखाली शिरला आणि गिअरबॉक्सचा बोल्ट सोडला. आतून काकवीसारखं घट्ट, काळं तेल ओघळायला लागलं. आधीच्या कुणा हुशार मेकॅनिकने लॉरीच्या गिअरबॉक्सचं जाड तेल त्यात ओतून ठेवलं होतं! पंख्यांच्या मध्ये जणू डांबर. मामाने कपाळाला हात लावला आणि मग गोदीत ओळख काढून क्रेनला लागतं तसलं पातळ तेल आणलं. ते घातलं, लिव्हर 'ड्राइव्ह'वर ओढली, आणि गाडी कशी झकास निघाली! दुसऱ्यावरून तिसऱ्या गिअरला जाताना मागून कुणी गुडघा मारल्यासारखा एक धक्का द्यायची, तेवढंच.

रविवारी मरोळच्या कारखान्यांचे रस्ते मोकळे असत. तिथे मी शिकले. ह्या जुन्या गाडीला उभी करताना लावायचं 'पार्क' नव्हतं, इंजिन बंद करून लिव्हर रिव्हर्सला लावून ठेवायची. आणि रिव्हर्स होतं सगळ्यात शेवटी, चढावर लागणाऱ्या 'लो' गिअरच्या पलीकडे. एकदा मी घाईत 'लो'च्या ऐवजी तिथे पोचले आणि कारखान्याच्या फाटकाला मागून मिठी मारली. वॉचमन धावत आला. मामाच त्याच्याशी एवढ्या जोरात भांडला की मला ओरडायचं तो विसरूनच गेला.

टेस्टच्या दिवशी इन्स्पेक्टरसाहेब शेजारी बसले. मामा मागे. साहेबांनी खाली वाकून बघितलं.

"क्लच कुठाय?"

"नाही साहेब," मी म्हटलं. "कंपनीने दिलाच नाही."

"मग गिअर कोण टाकतं?"

"गाडी."

"गाडी गिअर टाकणार, मग लायसन कोणाला देऊ? गाडीला?"

मागे मामाने "वाट लागली" असं म्हटलेलं मला स्पष्ट ऐकू आलं. माझा पारा चढला. "साहेब, ब्रेक मात्र गाडी आपला आपण लावत नाही. त्या समोरच्या भिंतीकडे नेऊ का? कोण लावतं ते कळेल."

साहेबांनी एकदा त्या भिंतीकडे बघितलं. मग म्हणाले, "पुलावर घे."

पुलाच्या ऐन चढावर त्यांनी गाडी थांबवायला सांगितली. इथेच भलेभले नापास होतात. हाफ क्लचवर गाडी तोलता आली नाही की ती मागे घसरते आणि इंजिन बंद पडतं. मागे डबलडेकर बस येऊन चिकटली आणि ड्रायव्हर हॉर्नवर बसला. हे गेलं तर सगळंच गेलं, लायसन पण आणि गाडी पण. "चला," साहेब म्हणाले. मी ब्रेकवरचा उजवा पाय उचलून हळूच अ‍ॅक्सिलरेटरवर ठेवला. गाडी तसूभरही मागे गेली नाही. दोन पंखे आतल्या आत फिरत राहिले आणि ती आगबोट शांतपणे चढ चढून गेली. साहेबांनी पुन्हा एकदा खाली वाकून बघितलं, बहुतेक मी कुठे तरी क्लच लपवलाय ह्या संशयाने.

"च्यायला," ते स्वतःशीच म्हणाले, आणि मला पास केलं.

फिटर गावाहून परतले तेव्हा मामाने त्यांना ते डिझेल इंजिन दुसऱ्या गाडीत बसवायला सांगितलं. त्या रविवारी मी गाडी आमच्या बिल्डिंगखाली आणली आणि आईला पुढच्या सीटवर बसवलं. हायवेला लागल्यावर धक्का देऊन तिसरा गिअर पडला, वारा आत घुसला, आईने एका हाताने पदर आणि दुसऱ्याने डॅशबोर्ड घट्ट धरला आणि ती ओरडली, "हळू गं बाई, हळू! एवढं पळायचंय कुठे?"

बाजारात, देवळात, शाळेच्या वाटेवर ह्याच आईने जन्मभर मला "चल गं लवकर, पाय उचल" म्हणत ओढत नेलं होतं. मला "हळू" असं ह्याआधी कोणी कधीच म्हणालं नव्हतं.

मला इतका आनंद झाला की मी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं.