फ्रीस्टाईल आणि माझा कुंभक

पोहण्याबद्दल सल्ला देणारा माणूस बहुधा कंबरभर पाण्यात उभा असतो. अंधेरीतल्या आमच्या तरणतलावावर असे पाच-सहा जण होते. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. सकाळच्या बॅचला ते कठड्याला पाठ लावून उभे राहत आणि जो कोणी पोहत असेल त्याला दुरुस्त करत. "हात लांब टाक!" "पाय सैल सोड!" "कंबर फिरव रे, कंबर!" हे शेवटचं सांगणारे गृहस्थ स्वतः पोहताना मला कधी दिसले नाहीत. शिकवायला म्हणून नेमलेला माणूस फक्त लहान मुलांकडे बघायचा. आम्हा मोठ्यांसाठी तो शिट्टी वाजवायचा, तीसुद्धा वेळ संपल्यावर.

मी चौतीस वर्षांचा होतो आणि या सगळ्यांना मूर्ख समजत होतो. ते होतेच. पण मीही त्यांच्यात मोडत होतो, आणि हे कळायला मला जवळजवळ वर्ष लागलं.

मी एका कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात ड्राफ्ट्समन होतो. कारखान्याच्या क्रीडा मंडळाने एक शर्यत काढली होती. ट्रायथलॉन हा शब्द आमच्यापर्यंत आलेला नव्हता. नोटीस बोर्डावर 'पोहणे, सायकल, धावणे' एवढंच लिहिलेलं होतं. भरती थांबली की मार्वेहून खाडी पोहून मनोरीला जायचं, तिथून सायकलने गोराई, आणि गोराईहून धावत परत मनोरीला. सायकली आधीच फेरीबोटीने पलीकडे नेऊन ठेवत. सायकल मी रोज कामावर जायला चालवायचो, धावायचाही सराव होता. पोहणं मात्र आजोळच्या विहिरीतलं, त्यामुळे पहिल्या वर्षी अर्ध्या खाडीत माझी वाट लागली. सोबतीला ठेवलेल्या होडीतल्या कोळीबाबाने मला बखोटीला धरून वर ओढलं. होडीला हात लागला की स्पर्धक बाद, असा नियम होता. बाकीचे सायकली हाणत निघून गेले आणि मी मनोरीच्या धक्क्यावर ओल्या चड्डीत दुपारपर्यंत बसून राहिलो.

सोमवारी ऑफिसात पहिलाच प्रश्न आला, "काय रे, होडीचं भाडं किती झालं?" असं सगळा आठवडा चाललं. हा प्रश्न विचारणारा सहकारी पाण्याला इतका घाबरायचा की आंघोळसुद्धा उरकून टाकायचा. घरी येऊन मी बायकोला सांगितलं, पुढच्या वर्षी होडीला हात न लावता खाडी पार करणार. नाही जमलं तर पुन्हा कधी नाव देणार नाही. ती डाळ निवडत होती. "बरं," म्हणाली.

मग मी फ्रीस्टाईल शिकायला बसलो. बसलो हे अक्षरशः खरं आहे, कारण सुरुवात मी ड्रॉइंग बोर्डावर केली. एका इंग्रजी मासिकातल्या फोटोवरून ट्रेसिंग पेपरवर माणूस काढला. खांद्याचा कोन, कोपराचा कोन, हात पाण्यात शिरतो तो कोन, सगळं कोनमापक लावून मोजलं आणि तो कागद स्वयंपाकघराच्या भिंतीला चिकटवला. रात्री जेवण झालं की स्टुलावर पोट टेकवून त्या कोनांप्रमाणे हात मारायचो. शेजारच्या काकू एकदा साखर मागायला आल्या आणि साखर न घेताच गेल्या.

श्वासाची बाब मी कोणाला विचारली नाही. ती मला येतेच, अशी माझी खात्री होती. मुंज झाल्यावर वडिलांनी प्राणायाम शिकवला होता: चार मोजून श्वास आत, सोळा मोजून कोंडून धरायचा, आठ मोजून बाहेर. त्यातला कुंभक माझा भलताच पक्का होता. छातीत हवा भरलेली असली की माणूस तरंगतो, हे शास्त्रही मीच लावलं. मग तोंड पाण्यात घालायचं, श्वास कोंडायचा, मनात सोळा मोजत हात मारायचे आणि तोंड बाहेर काढून एका क्षणात जुनी हवा सोडून नवी घ्यायची. नवीच्या जागी बहुधा पाणी यायचं. छाती फुग्यासारखी वर आणि पाय तळाकडे. एकदा तलाव पार केला की मी कठडा धरून धापा टाकायचो. दोष कधी पायांना दिला, कधी क्लोरीनला, कधी चड्डीच्या कापडाला. कुंभकाला दोष द्यायचं डोक्यातसुद्धा आलं नाही. वडिलांनी शिकवलेली गोष्ट चुकीची कशी असेल?

त्या उन्हाळ्यात सोसायटीतल्या बायकांबरोबर माझी बायको दुपारच्या महिला बॅचला जायला लागली. मी हसलो. तोपर्यंत ती गुडघ्याच्या वर पाण्यात कधी शिरली नव्हती. दीड महिन्याने ती म्हणाली, "आज सहा वेळा पार केला." मला वाटलं, आडवा केला असेल. नाही, उभा.

एका रविवारी ती माझं पोहणं बघायला बाकावर येऊन बसली. मी बाहेर आलो तेव्हा तिने शांतपणे विचारलं, "अहो, तुम्ही श्वास सोडता तरी कधी?"

"म्हणजे?"

"पाण्यात सोडायचा असतो ना. आमच्या बाईंनी पहिल्या दिवशी कठडा धरून नुसते बुडबुडे काढायला लावले. हात नंतर."

"बुडबुडे पोरांसाठी असतात," मी म्हणालो. आणखीही बरंच काही बोललो. दीड महिना झाला नाही तर मला शिकवायला निघालीस, हेही बोललो. ती उठून बसस्टॉपवर गेली. पुढचे तीन आठवडे मी त्याच कुंभकाने, त्याच कोनांनी, तसाच बुडत राहिलो, निव्वळ ती बरोबर ठरू नये म्हणून.

शर्यतीला पंधरा दिवस उरले तेव्हा भीती मानापेक्षा मोठी झाली. मी बाथरूमचं दार लावलं, बादली भरली, तोंड आत घातलं आणि हवा सोडली. मोठा आवाज झाला. दाराबाहेरून ती म्हणाली, "नाकातूनही सोडा."

दुसऱ्या दिवशी मी न थांबता चार वेळा तलाव पार केला. पाय आपोआप वर आले. तोंड बाहेर काढलं की आत घ्यायला जागा रिकामी असायची, मग कोनांचा विचारच करावा लागला नाही. मला इतका आनंद झाला आणि स्वतःचा इतका राग आला की कंबर फिरवायला सांगणाऱ्या गृहस्थांना मी "झकास!" म्हणून टाकलं.

शर्यतीच्या दिवशी खाडीच्या मध्यावर एक लाट तोंडावर आली आणि मी घाबरून पुन्हा श्वास कोंडला. पाय खाली गेले. होडी लगेच जवळ आली. वल्हं माझ्या हाताशी होतं आणि "धरा साहेब, धरा!" असं कोणीतरी ओरडत होतं. ते लाकूड मला फार हवंसं वाटलं. मी तोंड पाण्यात घातलं आणि होती नव्हती ती हवा सोडून दिली. मग एक हात. मग दुसरा. मनोरीच्या चिखलाला गुडघे लागेपर्यंत दुसरं काहीच केलं नाही. पाण्यातून बाहेर पडणाऱ्यांत मी शेवटचा होतो, पण होडीला हात लावला नव्हता.

सायकलवर आणि धावताना बऱ्याच जणांना मागे टाकलं. शेवटी जेवणाच्या मांडवात आमच्या मॅनेजरसाहेबांनी माझ्या पाठीवर थाप मारली. ऑफिसातले सगळे भोवती होते, घरची मंडळीही आली होती. "एका वर्षात केवढा फरक! कोणाकडे शिकलास?"

"कोणाकडे नाही, साहेब. स्वतःच शिकलो."

बायको माझ्या शेजारीच उभी होती. हे वाक्य तोंडातून गेलं त्याच क्षणी मला लाज वाटली, आणि तरीही मी ते मागे घेतलं नाही. साहेब टाळ्या वाजवत होते. तिने हातातला पेला माझ्यापुढे धरला. "कोकम सरबत घ्या," ती म्हणाली, "गरम होतंय."

त्यानंतर तिने तो विषय कधी काढला नाही. मीही काढला नाही. ती ते विसरली असेल असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगितलं, आणि त्यातही मी खोटाच होतो. हे लिहून झालं की तिला वाचून दाखवायचं ठरवलं आहे. ती आत आहे. दोनदा उठलो आणि दोनदा परत येऊन बसलो.